रॉस्को मॅबरीच्या नावाला कोण उठणार

अमेरिकेतल्या मेम्फिसच्या माउंट नेबो या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ऑगस्टातल्या एका रविवारी दिवंगत सभासदांची नावं पुकारतात. नाव आलं की घरचं कुणीतरी उठून म्हणतं, "हजर!" कुणीच उठलं नाही, तर ते नाव यादीतून कायमचं जातं.

रॉस्को मॅबरी गेल्यानंतरचा हा पहिलाच असा रविवार. अठराव्या वर्षी तो इथली गायकमंडळी सोडून सोल, म्हणजे चर्चच्याच सुरातली प्रेमाची गाणी, गायला गेला आणि गाजला. पण मागे ना बायको, ना मूल. एक्याऐंशी वर्षांची अर्नेस्टिन, चर्चमध्ये सगळ्यांची 'सिस्टर', त्याच्या नावासाठी आठवडाभर चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन हॉलिसांच्या मागे लागली होती.

"नाव घातलंय," डीकन म्हणाले, "पण उठणार घरचंच माणूस. तुम्ही त्याच्या कोण?"

"शेजारी उभी राहून गायचे मी."

"ते नातं नव्हे. आणि पुढे तो गायला कुठे? नाचघरात!"

"देवाने दिलेला गळा नाचघरात नेला, म्हणून बेसूर झाला का?"

त्या रविवारी पास्टर टिलमन साधंच बोलायला लागले. बघता बघता शब्दांना सूर चढला, वाक्यामागे वाक्य ऑर्गन उचलू लागला. येशूचं नाव घेण्याआधी पास्टर श्वास अडवत, अगदी रॉस्कोसारखा. तो हे इथूनच तर शिकला होता! पण आज अर्नेस्टिनचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"रॉस्को मॅबरी!" डीकनांनी पुकारलं.

ती उठली. "हजर!"

"नातं?"

'चुलतबहीण' अशी थाप तिच्या ओठांवर आली होती, देवाच्या घरात! तेवढ्यात मागून पोस्टमन वेंडेल उठला. "माझा मध्यस्थ! मागणी घालायला गेलो आणि तोंडून शब्द फुटेना. मग त्याची रेकॉर्ड लावली. बोलला तो, बायको मिळाली मला."

"आणि मी अजून पस्तावतेय!" त्याची बायकोही उठली. "हजर!"

हशा ओसरला तसे म्हातारे ओथा काठीवर रेटून उभे राहिले. जन्मभर कचरागाडीवर राबलेला माणूस. "चाळिशीतही गोरा मुकादम मला 'ए पोरा' म्हणायचा. घरी येऊन रॉस्को लावला, की मी पुन्हा बाप्या व्हायचो. भाऊ होता तो माझा. हजर!"

मग बाकामागून बाक उठले.

"एकेक करून! नातं सांगा!" डीकन ओरडले, पण ऐकतो कोण? "पास्टर, अहो, लिहू तरी काय?"

पास्टरांनी रुमालाने घाम टिपला. "लिहा, घरचे सगळे."

"आणि डीकन, तुम्ही?" अर्नेस्टिनने विचारलं.

"मी काय बसलोय का?" ते गुरगुरले. "सकाळपासून उभाच आहे."