लक्ष्मी नावाचं फोल्डर

सर्व्हरवर कापलेलं लिंबू ठेवलेलं, केबलला काळा दोरा बांधलेला. आमच्या भाजीपाला संघाच्या कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. हमाल, ड्रायव्हर, शेतकरी, काउंटरवरच्या बायका, सगळे त्या कपाटाएवढ्या यंत्राकडे भक्तिभावाने बघत होते. बाहेर कोथिंबिरीच्या गाड्यांची रांग पार हायवेला टेकली होती. गेटपास निघाल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि दसऱ्यापासून पास निघायला एवढा वेळ लागत होता की मुंबईला पोचेपर्यंत भाजीची रया जायची.

मी इथला हिशेबनीस. सर्व्हर मंद झाला तर इंजिनिअर बोलवावा, एवढी अक्कल कोणालाही असते. आमच्या चेअरमन सोमनाथआबांनी बोलावलं ते ‘डिजिटल दोषनिवारक’ रविराज महाराजांना. अंगात भगवी कफनी, कानात ब्लूटूथ.

“डेटाला दृष्ट लागली आहे,” महाराज डोळे फिरवत म्हणाले. “राहू केबलमधून शिरलाय. दसऱ्याला या यंत्रापाशी कोणी पांढऱ्या पायाची आली का?”

सगळ्या माना सरिताकडे वळल्या. नवरा गेल्यावर दोन पोरींना घेऊन ती मनमाडहून नाशिकला आली आणि दसऱ्यालाच इथे कामाला लागली. तिच्यासाठी संघाने सहावा काउंटर उघडला होता. तिने की-बोर्डवरचे हात काढून मांडीवर घेतले. माझं डोकं तिथेच तापलं.

“आता चमत्कार बघा! सर्वांनी हात जोडा, डोळे मिटा. यंत्राला कोणी शिवायचं नाही.”

आरती झाली. मग बाकीच्यांचे हात जोडलेलेच ठेवून महाराजांनी पहिल्या काउंटरवरच्या नवसाबाईला एक पास काढायला सांगितला. खर्रकन बाहेर! लोकांनी जयजयकार केला. बहिरू हमाल तर फरशीवर आडवाच झाला.

“पण हा उतारा घटकाभराचा,” महाराजांनी बोट उगारलं. “ही बाई इथे आहे तोवर दोष परतणार.”

आबांनी मान खाली घातली. “सरिता, उद्यापासून नको येऊ बाई. लोकांच्या मालाचा सवाल हाय.”

“आबा, मी काय केलं? पोरींना घेऊन कुठं जाऊ आता?”

“थांबा!” मागून आवाज आला. प्रतिभा मॅडम. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. वडिलांच्या मेथीची गाडी सकाळपासून रांगेत अडकली म्हणून आमच्याशी भांडायला आल्या होत्या. त्यांना भांडायला महाराज मिळाले.

“महाराज, पुन्हा करा की चमत्कार. फक्त या वेळी तुम्ही आरती म्हणा, आणि बायका आपलं काम करतील.”

“श्रद्धेची परीक्षा घ्यायची नसते, ताई.”

“बरं, मग मशीनची घेते. बसा गं सगळ्या कामाला.”

सहाही काउंटर सुरू झाले. महाराज आरती म्हणतायत, घंटा बडवतायत, कपाळावरून घाम निथळतोय, आणि पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंय. पास काही निघेना. मॅडमनी त्यांच्या हातून घंटा काढून घेतली. आरती बंद. सरिता सोडून सगळ्यांनी हात जोडायचे.

“काढ पास, सरिता.”

खर्रकन बाहेर. तोही पांढऱ्या पायाच्या बाईच्या हातून!

“बाकीच्यांचे हात थांबवले की मशीनवरचा भार उतरतो,” मॅडम म्हणाल्या. “महाराजांचा मंत्र तो एवढाच.”

बहिरू कपडे झटकत उठला. “पण रोज का अडकतंय मग?”

“ते आत बघू.” मॅडम पडद्यासमोर बसल्या आणि थोड्या वेळाने वळल्या. “आबा, हे ‘लक्ष्मी’ काय आहे?”

आबांची छाती फुगली. “लक्ष्मीपूजनाला आम्ही सर्व्हर पुजतो. पास साठवायच्या फोल्डरला तेच नाव दिलंय. पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक पास हाय त्यात.”

“जुने कधी हलवले नाहीत?”

“लक्ष्मी घराबाहेर काढायची असती का कुठं?”

मॅडमनी कपाळावर हात मारला. “अहो, नवा पास काढताना आधीचा नंबर शोधायला मशीन हे अख्खं फोल्डर चाळतं. लाखो फायली कोंबल्यात त्यात! एकीचं काम निभतं, सहा जणी एकदम बसल्या की मशीनला धाप लागते. सहावा काउंटर तुम्ही दसऱ्याला उघडलात. सरिताच्या पायांचा इथे काय संबंध?”

“पण लक्ष्मी हलवायची म्हणजे...”

“नाव बदलू तिचं. ‘जुने पास’. आता हलवाल?”

लोक हसले. मॅडमनी जुन्या फोल्डरचं नाव बदललं, ‘लक्ष्मी’ नावाचं नवं रिकामं फोल्डर केलं आणि शेवटचा पास तेवढा त्यात नेला. सहाही जणी कामाला बसल्या. सहाही काउंटरवर पास निघू लागले आणि बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजले. महाराज केव्हाच सटकले होते. त्यांच्या लिंबाचा रस सर्व्हरच्या जाळीवर ओघळला होता, तो पुसताना मी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या.

“उद्या ये हां, पोरी,” आबा हळूच म्हणाले.

सरिता जागची उठली. “येते की. पण मघाशी सगळ्यांसमोर बोललात ना? आता सगळ्यांसमोरच सांगा. माझे पाय कसे आहेत?”

आबांनी हात जोडले. मग म्हणाले, “चांगले हायेत, बाई. माझंच चुकलं.”

वाचकहो, यंत्र अडलं तर यंत्राच्या आत बघा. चमत्कार दिसला तर तो आपल्या अटीवर पुन्हा करून दाखवायला सांगा. आणि कोणी बाईचे पाय बघायला लागला, तर त्याला आधी दाराबाहेर काढा.