शेंदूर लागलेले ब्रेक

या मायबापहो, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि सतरंजीवर आणखी पुढं सरका. कीर्तनाला अजून अवकाश आहे. महाराजांची गाडी नारायणगावच्या चौकात अडकलीय म्हणे. तेवढ्यात एक घडलेली गोष्ट सांगतो. सायकलच्या ब्रेकची आहे, पण ऐका. हरिनामाला बाध येणार नाही.

दोन हजार बाराचं साल. जानकू म्हणून माझा डोंगरातला दोस्त, भाताचा शेतकरी. त्याची लेक वैजयंती अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायची आणि आमच्याच घरी राहायची. पोरगी सायकलवर बसली की पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांनाही धाप लागायची. पुण्याहून तिनं कुणाची तरी जुनी रेसची सायकल आणली होती. घोडेगावातून निघायचं, घाटमाथा चढायचा, वर ठेवलेल्या ड्रमला वळसा घालून परत घोडेगावात उतरायचं, अशी मुलींची शर्यत ठरली. पहिल्या दोघी राज्याच्या संघात जाणार होत्या. वैजयंतीला त्या दोघींतली एक व्हायचं होतं.

सायकलचे ब्रेक लोखंडी, जडशीळ. नारायणगावच्या सावळेराम मिस्त्रीनं हलक्या कॅलिपरच्या दोन जोड्या मागवल्या. कॅलिपर म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखं धरतं ते. त्याच्या टोकांना रबर असतं. शेजारच्या सराफाच्या काट्यावर दोन्ही जोड्या तोलल्या. एक दुसरीपेक्षा साठ ग्रॅमनं हलकी भरली.

“हीच बसवा,” वैजयंती म्हणाली.

सावळेरामनं ती चाकावर धरून दाखवली. “हिचे हात आखूड हायेत. रबर रिमपतुर पोचतच न्हाई, वर टायरला घासतंय. उतारावर टायर फाटला म्हंजी?”

“रबर थोडं तासलं तर?”

“तासता तासता जिवावर बेतंल. ही दुसरी घे.”

“साठ ग्रॅम जड हाय ती, भाऊ. चढाला लई व्हत्यात.”

“साठ ग्रॅम म्हंजी चार घोट पाणी. चार घोट कमी पी.”

“आन् घसा सुकला तर?”

“हे बुवा हायेत की. अभंग पाजतील!” त्यानं माझ्याकडं बोट केलं. मी काही बुवा नव्हे, पण कीर्तन चुकवत नाही म्हणून तो मला असंच चिडवायचा.

पोरीनं दोन्ही जोड्या दोन हातांत तोलून पाहिल्या. शेवटी हलकी खाली ठेवली. “बसवा दुसरी.”

बसवून झाल्यावर सावळेराम म्हणाला, “रिम कोरडी ठेव. ह्याला दुसरं काई लागत न्हाई.” हे वाक्य मीही ऐकलं होतं. ऐकलं, पण कानातच राहिलं.

शर्यतीच्या दिवशी पहाटे मी ओझरला गेलो. विघ्नहराच्या पायाचा शेंदूर विड्याच्या पानावर घेऊन आलो. नवं अवजार असो, नवं वाहन असो, देवाचं बोट लागल्याशिवाय आमच्यात वापरत नाहीत. वैजयंती आत पोहे खात होती. मी मनाशी म्हटलं, जिथं जिवाला भय तिथंच देवाचा हात हवा. म्हणून चारही रबरांना शेंदूर लावला, आणि चाकं फिरवत दोन्ही रिमांनाही. तिनं घाईघाईत सायकलला हात जोडले आणि निघाली.

सावळेराम आणि मी जीपनं आधीच घाटमाथ्यावर पोचलो. ड्रमच्या समोर बायडाबाईची चहाची टपरी. खालून निरोप आला, वैजयंती पहिली आहे! मी टाळी वाजवली. सावळेरामनं माझा हात धरला.

“बुवा, बोट तांबडं कशानं?”

“शेंदूर. विघ्नहराचा.”

“कशात कालवलेला?”

“तेलातच असतो की.”

“कुठं लावला?”

मी सांगितलं. त्यानं हातातला चहा तिथंच ठेवला. “आरं द्येवा! चढाला ब्रेक लागत न्हाई, म्हणून पोरगी अजून हाय. उताराला काय धरील?”

तेवढ्यात ती वळणावर दिसली. सावळेराम रस्त्यावर धावला. “हात नका लावू!” पंच ओरडले. “बाहेरच्यानं सायकलला हात लावला तर पोरगी बाद!”

“वैजयंती, थांब! ब्रेकला त्याल हाय!”

तिनं ब्रेक दाबले. सायकल थांबेना. ड्रमला खांदा घासून ती मातीच्या ढिगावर गेली, तेव्हा उभी राहिली. रिमवरून बोट फिरवून तिनं माझ्याकडं पाहिलं.

मागची मुलगी वळसा घालून उतरली. “जा तशीच, जमंल!” कुणीतरी गर्दीतून म्हणालं. वैजयंतीनं एकदा त्या उताराकडं पाहिलं. मग सायकल टाकून टपरीत शिरली, चुलीतली राख ओंजळीत घेतली, आणि घरी काळं भांडं घासतात तशी रिम घासू लागली. मग रबरं. राख तांबडी होई, ती झटकायची, नवी घ्यायची. दुसरी मुलगी गेली. तिसरी गेली. मी तोंडात नुसतं देवाचं नाव घेत होतो, आणि माझंच मला ऐकू येत नव्हतं. चार मिनिटं गेली.

ती उतरली, मागं आमची जीप. तिसऱ्या वळणावर रस्ताभर म्हशी. सावळेरामनं माझी मांडी गच्च धरली. रिम अशी किंचाळली की म्हशी बिचकल्या, आणि पुढचं चाक पहिल्या म्हशीच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबलं. कॅलिपर तसूभर वाकलं नाही. म्हशींतून वाट काढून ती पुन्हा सुटली, आणि खालच्या सपाटीला एकीला मागंही टाकलं.

घोडेगावात ती तिसरी आली. दुसरीच्या मागं अकरा सेकंद. रस्त्याकडेला बसून तिनं राखेचे हात अंगातल्या सदऱ्याला पुसले आणि म्हणाली, “खाली आले ना काका. असू द्या.” मग मात्र रडली.

पंचांनी विचारलं, ब्रेकला तेल आलं कुठून? मी तोंड उघडलं, तोच सावळेराम पुढं झाला. “माझ्याच हाताचं. मिस्त्रीच्या हाताला असतंच.” मला बाजूला घेऊन म्हणाला, “गप ऱ्हावा. लोक शेंदराला हसतील.”

पुढं कित्येक महिने गिऱ्हाइकं त्याला डिवचत: “पंक्चर काढ राव, पण त्याल नको लावू!” तो हसायचा. मी तिथंच बाकावर बसलेला असायचो, आणि गप्प राहायचो. वैजयंतीही बोलली नाही. परवाच्या साली सावळेराम गेला, तरी मी खरं कुणाला सांगितलं नव्हतं. आज तुम्हाला सांगितलं.

देवाची अब्रू राखायला तो खोटं बोलला, मायबापहो, आणि माझीही राखली. एवढं मागणं आहे: माझ्या सावळेरामला आठवत राहा.