वत्सलाबाईची वचनं

पाइप धरणारा क्लॅम्प आवळल्याशिवाय हात सोडता येत नव्हता. आठ पाइप वर आले होते, अकरा अजून बोअरमध्ये होते आणि त्यांच्या खाली मोटार लटकत होती. त्रिंबकच्या खिशात फोन वाजत होता.

"वाजतोय बे त्रिंबक," बंकट म्हणाला. दोघं मिळून पंप दुरुस्तीचं काम करत, त्याला अठरा वर्षं झाली होती.

"वाजू दे. आधी बोल्ट धर."

फोन थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्या वेळी त्रिंबकनं पँटला हात पुसून तो कानाला लावला. बीडच्या दवाखान्यातून राजनंदिनी बोलत होती. परळीला दिलेली ही त्याची एकुलती मुलगी पंधरा दिवसांपासून आईजवळ होती.

"अण्णा, आई गेली."

"कवा?"

"आत्ताच. तुमाला पहिला फोन केला तवा होती." मग ती म्हणाली, "ते वचनच म्हणत होती. शस्त्र लागणार न्हाई म्हणून. शेवटपर्यंत."

त्रिंबक पाइपावरच बसला. बंकटनं मोटारसायकल वळवून घेतली आणि म्हणाला, "ऊठ. मोटारीचं मी मागनं बघतो."

बीडपर्यंतच्या वाटेवर त्रिंबकच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. बंकटला वाटलं, धक्का बसला असेल. खरं कारण वेगळं होतं. ते वचन देवाचं नव्हतं. ते त्रिंबकचं होतं.

त्रिंबकची बायको वत्सलाबाई शाळेत गेली नव्हती. शेजारच्या छबुबाईच्या सोबतीनं ती शिरूरच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत प्रार्थनेला जाऊ लागली, तेव्हा पाळक सोमेश्वर यांनी तिला बायबल दिलं आणि एक लाल पेन्सिल. मंडळीतल्या बहुतेक बायका वाचता न येणाऱ्या. त्यांची रीत अशी होती की सकाळी घरातल्या कुणीतरी अर्धं पान वाचून दाखवायचं. त्यातलं मनाला लागलेलं वाक्य म्हणजे त्या दिवसाचं वचन. वाचणाऱ्यानं त्यावर बोट ठेवायचं आणि बाईनं खाली रेघ मारायची. दिवसभर ते पाठ म्हणायचं आणि रविवारी पाळक यायच्या आधी बायकांत सांगायचं.

त्रिंबक सातवी शिकलेला. चहा होईपर्यंत तो वाचायचा. पुस्तक पहिल्या पानापासून सुरू केलं होतं आणि वत्सलाबाई एक ओळ गाळू देत नसे.

"मधलं कावून सोडता? कापूस येचताना मधली सरी सोडतेत का?"

गोष्टी होत्या तोवर त्रिंबक नीट वाचायचा. भावांनी भावाला विकलं ते वाचताना तर चहा निवून गेला होता. पण पुढे मंडपाची मापं आली, यज्ञाचे नियम आले, नावांमागून नावं आली. तिकडं शेतकऱ्यांचे फोन सुरू झालेले असायचे. मग एके दिवशी त्यानं पानावर नजर ठेवली आणि आपल्याच मनानं म्हणाला, "देव म्हणतो, तुझ्या चुलीचा जाळ मी इझू देणार न्हाई."

वत्सलाबाई हसली. "देवाला चूल ठावी हाय?"

"हाय की. सगळंच ठावं हाय त्याला."

"कुठंय ते? बोट ठेवा."

त्यानं जिथं बोट पडलं तिथं ठेवलं. तिनं जीभ दातांत धरून, सावकाश, सरळ रेघ मारली.

मग ते सोपंच झालं. तो रोज एक वचन सांगायचा आणि कामाला जायचा. बायको खूश असायची. त्यालाही वाटायचं, यात कुणाचं काय वाईट झालं?

दोन वर्षांमागच्या दिवाळीत तिच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत ऑपरेशन करा, बाई वाचेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहा ठेवलाच नाही. पुस्तक पुढ्यात ठेवून म्हणाली, "आज माझ्यासाठी वाचा."

पान निघालं ते पुन्हा नावांचंच. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा आणखी कुणी. त्रिंबकला पुढची पानं उलटता आली असती. पण त्याला तिचं तोंड बघवत नव्हतं. ते पटकन निवळावं एवढंच त्याला हवं होतं. तो म्हणाला, "तुझ्या अंगाला शस्त्र लागणार न्हाई. मीच तुला बरी करीन."

तिचा चेहरा निवळला. तिनं त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली. आणि ऑपरेशनला नाही म्हणाली.

"अगं, दवाखाना बी देवाचाच हाय की," त्रिंबक म्हणाला.

"तुमीच वाचलं ना? मग? का देव एक बोलतो आन् एक करतो?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. संध्याकाळी सांगू म्हणाला, मग उद्या, मग सणानंतर. पाळक घरी आले. ते म्हणाले, "ताई, ऑपरेशन करून घ्या, आमी सगळे प्रार्थना करतो. आन् ते वचन कोणत्या अध्यायातलं? दाखवा बरं." त्रिंबकनं आधीच पुस्तक पंपाच्या दुकानात नेऊन ठेवलं होतं. "पुठ्ठा निघाला व्हता, चिकटवायला नेलंय," असं त्यानं पाळकांना सांगितलं. त्यांच्या डोळ्यांकडं न बघता.

त्यानंतर त्यानं पुस्तक घरी आणून ठेवलं, पण तो सकाळी लवकर बाहेर पडू लागला. वत्सलाबाई पुस्तक उघडून बसायची. "आजचं ऱ्हायलं," असं म्हणायची. तो पायात चपला घालत "उद्या" म्हणायचा. ती जुनंच वचन म्हणत दिवस काढायची. दुखणं सोसेना झालं तेव्हा तिला बीडला नेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आता उशीर झाला."

मातीनंतर दहाव्या दिवशी घरात स्मरणाची प्रार्थना ठेवली होती. मंडळीची रीत होती की गेलेल्या माणसाच्या पुस्तकातली रेघा मारलेली वचनं घरच्यानं सगळ्यांना वाचून दाखवायची. पंचवीस-तीस माणसं होती. राजनंदिनी भिंतीला टेकून बसली होती. छबुबाईनं पुस्तक पदरानं पुसून त्रिंबकच्या हातात दिलं.

"वाचा भाऊ. वत्सलाची वचनं ऐकू द्या आमाला."

त्यानं पुस्तक उघडलं. लाल रेघांनी पानं भरली होती. एक रेघ पडद्याच्या कड्यांखाली होती. एक मेंढ्यांच्या मोजणीखाली. एक कुण्या कुळाच्या नावांखाली. एकही रेघ वाकडी नव्हती. त्रिंबकचे ओठ हलले. तोंडपाठ होती ती सगळी वचनं, त्याचीच होती. ती म्हटली असती तर कुणी पुस्तक हिसकावून बघणार नव्हतं.

त्यानं पडद्याच्या कड्या वाचल्या. मग मेंढ्या. मग नावं.

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. म्हाळू म्हातारा म्हणाला, "चष्मा बदला त्रिंबकराव, भलतंच वाचताय."

"असलं कसलं वचन?" छबुबाई म्हणाली. "ते चुलीचं वाचा की. त्या एका वचनावर मी दोन सीझन ऊस तोडला. पाचटात, थंडीत, रोज चूल पेटवताना म्हणायचे मी ते."

"ते न्हाई हितं."

"मग कुठल्या पानावर हाय?"

"कुठंच न्हाई वैनी. मीच म्हणायचो. वाचायचा कटाळा करायचो आन् मनानं सांगायचो. ती इश्वास ठेवायची."

पाळकांनी डोळे मिटून घेतले. राजनंदिनी उठून उभी राहिली.

"शस्त्राचं बी?"

त्रिंबकनं पुस्तक मिटलं. होकारार्थी मान हलवली.

ती आत गेली, पिशवी घेऊन बाहेर आली आणि चपला हातात धरूनच अंगणातून चालत सुटली. पाळक सोमेश्वर तिच्यामागं स्टँडपर्यंत गेले. उरलेल्यांनी प्रार्थना केली की नाही, हे त्रिंबकला आठवत नाही. लोक गेले तेव्हा त्याला कुणी रामराम केला नाही की जय ख्रिस्त म्हटलं नाही. किलोभर साखरेचा केलेला चहा पातेल्यात तसाच राहिला.

आठ दिवसांनी सकाळी छबुबाई दारात आली. काखेत तिचं स्वतःचं बायबल होतं. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "वाचा."

"मी?"

"मग काय तुमच्या मोटारीला वाचायला सांगू? नातू पुण्याला कामाला गेला. माझ्या घरात वाचणारं कुणी न्हाई."

"वैनी, मंडळीत एवढी माणसं हायेत. माझ्याकडून ऐकवंल तुमाला?"

"न्हाई ऐकवत. पर तुमी आता खोटं वाचणार न्हाई, एवढं मला ठावं हाय. दुसऱ्याचं मला सांगता येत न्हाई." मग ती बोट दाखवून म्हणाली, "आन् दुपारी पाळकसायबाकडून तपासून घेईन. सोडणार न्हाई."

तेव्हापासून तो रोज वाचतो. अडखळत, एकेका अक्षरावर बोट ठेवून. छबुबाईच्या पुस्तकात नातवाचं वाचन स्तोत्रांपर्यंत आलं होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक छोटं स्तोत्र आलं. त्यात मेंढपाळ होता, हिरवळ होती, पाणी होतं. आणि मरणाच्या अंधाऱ्या दरीतून जावं लागलं तरी तिथं देव सोबत असतो, असं लिहिलं होतं. दरी टळेल असं कुठंही म्हटलेलं नव्हतं. शस्त्र लागणार नाही असंही नव्हतं. फक्त सोबतीचं वचन होतं.

त्रिंबक वाचायचा थांबला. वत्सलाबाईच्या पुस्तकातली ती दुहेरी रेघ आणि हे पान, यांच्यात सव्वाशे-दीडशे पानांचं अंतर होतं. त्या सकाळी त्यानं तेवढी पानं उलटली असती, तर हे ऐकून ती ऑपरेशनच्या टेबलावर बिनघोर झोपली असती.

"काय झालं?" छबुबाईनं विचारलं.

"हे मी तिला वाचून दाखवलं न्हाई."

छबुबाईनं रेघ मारून पेन्सिल कानामागं खोचली. "तिला आता काय दाखवता? पोरीला दाखवा. पोरगी हाय की."

त्याला आता अडीच महिने झाले. शिरूरहून परळीला जायला एक गाडी बीडला बदलावी लागते, बाकी काही अडचण नाही. त्रिंबक अजून गेलेला नाही.