अकरावा धोंडा

हट्ट्यात कोंडीबाला सगळे बत्तीवाला म्हणायचे, आणि निम्म्या गावाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की हा गडी वीज बोर्डात होता. गावाला तरी काय दोष द्यावा? तळ्यापलीकडं पाणी न पाहिलेल्या माणसाला दीपगृह सांगायचं तरी कसं! कोंडीबानं मात्र कोकणातल्या एका टेकडीवर, दीपगृहाच्या आवारात एकोणीस वर्षं काढली. दिव्याच्या काचा पुसल्या, पितळ घासलं, आणि तीन वर्षांमागं हट्ट्यातच डोळे मिटले. मागं राहिली बायको, पद्माबाई.

यंदा दिवाळीनंतर पद्माबाईचा भाव एकदम वधारला. दीपगृह जुनं झालं म्हणून त्याचं वारसास्थळ करायचं ठरलं. संग्रहालय, बाग, पाट्या, सगळा थाट. तिथं राहून गेलेल्यांच्या आठवणी जमवायला मोहिनी नावाची एक तरुण मॅडम दीपगृहावरच नेमली होती. ती दर मंगळवारी सकाळी पद्माबाईच्या सुनेच्या, शीतलच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल करायची.

पद्माबाईला तर बोलायला निमित्तच पाहिजे. दिवा फिरवणारं वजन हातानं चढवून चढवून नवऱ्याच्या तळहाताला कसे घट्टे पडले, पावसाळ्यात होडी बंद झाली की मीठ-भाकरीवर कसे दिवस काढले, सारं सांगायची.

"आन् साहेबाची फेरी आली की चुना! भिंती, हौद, झाडाची बुडं, वाटंच्या कडंचे धोंडे. मी उभी राहिले असते तं मलाबी फासला असता ह्यायनं."

मॅडम खळखळून हसायची. पण वाटेच्या कडेच्या धोंड्यांचं नाव निघालं की पद्माबाई पाणी प्यायला उठायची.

कारण दारापासून डाव्या हाताच्या अकराव्या धोंड्याखाली तिची पहिली लेक होती. नऊ दिवसांची. आषाढात ताप भरला, होडी बंद, दवाखाना खाडीच्या पल्याड. आवारात पुरायची परवानगी नव्हती, आणि बाहेर न्यायला वाट नव्हती. कोंडीबानं रांगेतला अकरावा धोंडा काढला, लेकरू ठेवलं, धोंडा परत बसवला. ताजी माती साहेबाच्या नजरेत येऊ नये म्हणून सगळीच रांग उकरून नव्यानं लावली, एका मापाचे धोंडे निवडून, घडवून, चुना देऊन. साहेब आला, रांग बघून खूश झाला आणि वहीत शेरा लिहून गेला, आवार उत्तम. त्या दिवशी नवरा-बायको जेवले नाहीत.

"कोणापाशी बोलू नको," कोंडीबा म्हणाला होता. "सरकारी जागा हाय. केस होईल." मरतानाही तेच म्हणाला. आता पोरगा प्रेमानंद हिंगोलीत सरकारी कचेरीत. बापाचा गुन्हा पोराच्या माथी बसला तर? पद्माबाईनं तोंडाला कुलूप लावलं.

चौथ्या मंगळवारी मॅडम उत्साहानं म्हणाली, "आजी, आता ती वाट रुंद करून ब्लॉक बसवणार आहोत. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही वर येता येईल."

म्हणजे अकरावा धोंडाही उखडणार. आणि बाई बोलली काय? "बरं होईल," म्हणाली! हात जोडून फोन ठेवला. मग आज सांगते, उद्या सांगते करत, एकटीच चुलीपुढं जीव जाळत राहिली. रविवारी प्रेमानंद घरी आला आणि ताटावर बसला, तेव्हा तिला हुंदका आवरेना. सगळं सांगून टाकलं.

प्रेमानंदाचा घास हातातच राहिला. "माय, मला बहीण होती? आन् काहून सांगितलं न्हाईस?"

"तुझी नोकरी जाईल म्हून."

"अगं, चाळीस वर्सं झाली! कोण नोकरी घेऊन राहिलंय?"

त्यानं तिथल्या तिथं व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं. मॅडमचा आवाज ऐकताऐकता बारीक झाला. "आजी, कसली केस हो? कोणी काही म्हणणार नाही. आधी सांगायचं ना." दोन-तीन वाक्यांत चाळीस वर्षांचं भ्या संपलं. एवढंच होतं ते? पद्माबाईला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

मॅडम फोन घेऊन आवारात पळाली. पडद्यावर दार आलं, ओळखीचा हौद आला आणि मग नुसती गुळगुळीत फरशी. वाटही सरळ केलेली, जुनी वळणं गेलेली. गुरुवारीच यंत्र फिरलं होतं. धोंडे हौदापाशी ढीग करून टाकलेले, सगळे पांढरे, सगळे सारखे.

"आजी, खाणाखूण काही?"

कसली खूण! खूण राहू नये म्हणून तर तो माणूस आठ दिवस छिन्नी घेऊन बसला होता.

तरी ती पोरगी ऐकेना. भर उन्हात एकेक धोंडा दोन्ही हातांनी उचलून फोनसमोर धरू लागली. "हा का? मग हा?" पद्माबाई मान हलवायची. पंचवीस झाले, तीस झाले. पोरीचे हात चुन्यानं माखले, ती धापा टाकत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. प्रेमानंद आईच्या तोंडाकडं टक लावून बघत होता. पोराचा जीव नुसता कासावीस झालेला.

"हा का, आजी?"

"व्हय," पद्माबाई म्हणाली. "त्योच."

"सापडला!" प्रेमानंद रडायलाच लागला. शीतलनं पदर डोळ्यांना लावला. मॅडमनं धोंडा छातीशी धरला. म्हणाली, बागेत चांगल्या जागी बसवते, तुम्ही सगळे या.

"येऊ की," पद्माबाई म्हणाली.

मग सगळे बघत होते म्हणून तिनं हात जोडले, त्या परक्या धोंड्याला.