तिसऱ्या डिस्कचा दिवा

धनराज सरांनी ड्रेसिंग रूममधून चिकटपट्टी मागवली, बोटभर तुकडा कापला आणि सर्व्हरवरच्या तिसऱ्या डिस्कच्या नारिंगी दिव्यावर दाबून बसवला.

"झालं. उद्या ट्रस्टी येणारेत, उगाच विचारत बसतील. मावशी, वहीत हिरवा लिहा."

विमलाबाई त्या पट्टीकडे पाहत राहिल्या. चोवीस वर्षांच्या नोकरीत या हॉस्पिटलात त्यांनी पुष्कळ जखमा झाकलेल्या पाहिल्या होत्या, पण निदान आधी धुऊन.

"मला नारिंगी दिसलाय सर. नारिंगीच लिहिते."

"लिहा काय लिहायचं ते. कोण वाचतंय!"

हे मात्र खरं होतं. वहीच्या प्रत्येक पानाखाली धनराज सरांची झोकदार सही होती आणि एकही पान त्यांनी वाचलेलं नव्हतं.

नाशिकला पेठ रोडवर ट्रस्टचं हे हॉस्पिटल. विमलाबाई मूळच्या मनमाडच्या, इथे टायपिस्ट म्हणून लागल्या. १९९८ साली कॉम्प्युटर आले, टाइपरायटर भंगारात गेले आणि जुने केसपेपर मशीनमध्ये भरायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. तीन वर्षं त्या भरत होत्या. अकरा हजार माणसं. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेल्यांचे ताप, सर्पदंश, अर्ध्यावर गेलेली बाळंतपणं. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांनाही लागायचं नाही, ते विमलाबाईंना लागायचं. काम संपल्यावर ट्रस्टींनी सगळे कागद टेम्पोत भरून रद्दीत घातले, टेम्पोपुढे उभं राहून फोटो काढला आणि 'कागदमुक्त हॉस्पिटल' म्हणून पेपरात छापून आणला.

मग विमलाबाईंना एक्स-रेच्या जुन्या अंधाऱ्या खोलीत बसवलं. तिथे एसी होता आणि सर्व्हर होता. सर्व्हरच्या पोटात चार डिस्का. सकाळी नऊला आणि दुपारी चारला त्यांचे दिवे बघायचे, हिरवा म्हणजे ठीक, नारिंगी म्हणजे बिघाड, आणि वहीत नोंद करायची.

धनराज सर म्हणजे सेक्रेटरी रावजीभाऊंच्या बहिणीचा मुलगा. पुण्याला कसलासा डिप्लोमा केलेला, गळ्यात टाय, समोर पडद्यावर पत्त्यांचा डाव. डिस्क कुरकुर करायला लागली की सर्व्हर आपण होऊन त्यांना मेल पाठवायचा. त्या मेलचा त्रास नको म्हणून त्यांनी एक वेगळा कप्पा करून ठेवला होता. मेल आपोआप तिकडे जाऊन पडत. एवढी एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतःच्या हुशारीवर केली होती.

"एक डिस्क गेली तरी उरलेल्या तीन सांभाळून घेतात," जानेवारीत तो दिवा नारिंगी झाला तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं. "तशी सिस्टीमच असते."

"आणि दुसरी गेली तर?"

"दुसरी कशाला जाईल?"

"चारही एकाच दिवशी आणल्यात ना सर? एकीचं वय झालं, तर बाकीच्या काय तरण्या आहेत?"

धनराज सर हसले. "मावशी, तुम्ही टायपिंग करत होतात तेच बरं होतं."

विमलाबाईंनी त्या हसण्याकडे पाहिलं आणि त्यांना राग आला नाही. रागावण्याइतकं त्या माणसात काही होतं, असं त्यांना वाटेनाच.

मार्चमध्ये पहिल्या डिस्कबद्दलही पडद्यावर इंग्रजी इशारा आला. त्यातला एक शब्द अडला. तो चिठ्ठीवर उतरवून त्यांनी घरी डिक्शनरी काढली. 'कोणत्याही क्षणी येऊन ठेपणारे,' असा अर्थ होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सेक्रेटरींच्या नावे अर्ज लिहिला. तो आठवड्याने परत आला. वर शेरा : 'योग्य मार्गाने पाठवावा.' योग्य मार्ग म्हणजे धनराज सर.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी अकराला, बाहेर ओपीडी तुडुंब भरलेली असताना, सगळे पडदे एकदम थिजले. पहिली डिस्कही गेली होती. धनराज सरांनी सर्व्हर तीनदा बंद करून चालू केला. चौथ्यांदा हात लावण्याआधी ते फोनवर बोलत बोलत बाहेर गेले आणि संध्याकाळपर्यंत कोणाला दिसले नाहीत. बॅकअपची टेप ते दर शुक्रवारी इमानाने बदलत असत. त्या टेपवर काही उतरतंय का, हे दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. काहीच उतरत नव्हतं. मेलेल्या डिस्कांतून माहिती काढून देणारा मुंबईचा माणूस त्या घेऊन गेला आणि महिन्याने हात हलवत परत आला.

ट्रस्टची मीटिंग झाली. काजू होते. रावजीभाऊंनी विमलाबाईंना बसायला खुर्ची दिली, तेव्हाच त्या काय ते समजल्या.

"विमलाबाई, कोणावरच काही यायला नको," रावजीभाऊ म्हणाले. "दिवे शेवटपर्यंत हिरवे होते, बिघाड अचानक झाला, एवढं लिहून द्या. वही काय, नवी करता येईल."

कोपऱ्यात धनराज सर टायशी चाळा करत बसले होते.

"मी जे पाहिलं ते लिहिलंय," विमलाबाई म्हणाल्या. "न पाहिलेलं लिहायला तुमच्याकडे माणसं आहेत की. सही तर फार छान करतात."

त्या उठल्या. खुर्ची परत टेबलाशी सरकवून ठेवली आणि बाहेर आल्या.

पंधरा दिवसांत विमलाबाईंची बदली खाली केसपेपरच्या खिडकीवर झाली. नवा सर्व्हर आला, त्याला नारळ फोडला, आणि धनराज सर 'विभागप्रमुख' झाले. दारावर पितळी पाटी लागली. विमलाबाईंनी ती येता-जाता दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला खिडकीशी एक बाई उभी राहिली. नवसाबाई, सुरगाण्याकडची, अंगात ताप.

"माझा कागुद तुमच्या मिशनीत हाय ना बाई?"

"नाही राहिला. नवा काढू."

"आसं कसं? मागं हितं सुई दिली तं माझा जीव चालला व्हता. डाक्टर बोलला, मिशनीत लिवलंय, आता भ्याचं काम नाय."

"कोणती सुई?"

"मला काय ठावं? तुमीच लिवलंय ना!"

विमलाबाईंचा हात थांबला. लिहिलं होतं. सुईचं ऐकल्याबरोबर आठवलं. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं होतं, हे मोठ्या अक्षरांत टाइप करा. आणि त्यांनी केलं होतं. अक्षरं मोठी होती एवढं डोळ्यांपुढे येत होतं. औषधाचं नाव येत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून टेबलावर बोटं हलवून पाहिली. बोटांनाही आठवेना.

मागून रांग कुरकुरायला लागली. विमलाबाईंनी नवा केसपेपर घेतला आणि वरच लाल पेनाने लिहिलं : 'पूर्वी एका इंजेक्शनने जिवावर बेतले होते. औषधाचे नाव माहीत नाही.' मग तेच दुसऱ्या कोऱ्या कागदावर, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं काढून.

"हा डॉक्टरांना द्या. सुई देण्याआधी वाचा म्हणावं. नाही वाचला तर मला बोलवा, मी येते. आणि हा दुसरा तुमचा. जिथे जाल तिथे दाखवा."

"ह्यो हितंच ठिवा ना. माझ्याकून हरवंल."

"नाही," विमलाबाई म्हणाल्या. "इथे नका ठेवू."

नवसाबाईंनी कागदाची बारीक घडी केली, पदराच्या टोकात घालून गाठ मारली, आणि ती दातांनी ओढून घट्ट केली.