बोटभर खाली

कापड

सकाळी गल्लीत पाय ठेवला आणि पहिली गोष्ट दिसली ती ही: एक माणूस फक्त बटणं विकतोय. दोरा नाही, सुई नाही. नुसती बटणं. त्याचं दुकान आहे, त्याला गिऱ्हाईक आहे. शेजारी एक बाई नुसत्या चेन विकतेय. पुढचा कात्र्यांना धार लावतोय, आणि त्याच्यापुढे रांग.

"वन्सं, हे सगळे पोटभर जेवतात?"

"तुझ्यापेक्षा जास्त. तोंड मिट, माशी जाईल."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. इथे त्या शर्टांना काजं करतात. फक्त काजं. शर्ट कापला कुणी, बटण लावलं कुणी, त्यांना पत्ता नसतो. गल्लीत त्यांना काजवाली म्हणतात, आणि त्या मान वळवून ओ देतात.

मी गावात सगळं शिवते. शर्ट, झबली, पडदे, पोती, एकदा तर एका म्हाताऱ्याच्या खाटेची झोळी. सगळं येतं, तरी निम्मा आठवडा मशीनवर चादर. गावात अंगं किती असणार? एकदा सगळ्यांना शिवून झालं की पोरं वाढायची वाट बघायची.

बेत

वन्संच्या कारखान्यात एक जागा रिकामी. आज माझी परीक्षा. मिळाली तर राहायचं, नवरा मागून येईल. नाही मिळाली तर संध्याकाळची बस. बॅग वन्संच्या मशीनखाली ठेवलीय, उघडलीसुद्धा नाही.

खांदा

जिना चढून वर लांबलचक खोली. खिडकीपासून दारापर्यंत मशीनं. पहिली ओळ कॉलरची, दुसरी बाह्यांची, एक बाई नुसते खिसे लावतेय आणि एवढ्या झपाट्याने की बघताना मलाच दम लागला. मास्तरांच्या गळ्यात टेप, कानामागे खडू. त्यांनी कापलेल्या तुकड्यांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला.

"खांदे जोडायचे. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"कोणाचे?"

"काय कोणाचे?"

"खांदे."

"कोणाचेच नाहीत, बाई. दुकानात टांगायचेत."

मी आयुष्यात कोणाचाच नसलेला शर्ट शिवला नव्हता. आधी पाठ बघायची, मग कापडाला हात लावायचा. इथे पाठच नाही. पण मशीन काय सुरेख होतं. पाय ठेवला की पळतंय. मी खिसेवालीकडे बघत शिवत सुटले, आणि हाताने स्वतःच कोणाची तरी पाठ आठवून घेतली.

आमच्या गावातले पुरुष ओझं उजव्या खांद्यावर घेतात. माझा नवराही. वर्षानुवर्षं वाहून तो खांदा बोटभर खाली येतो. सरळ शिवलं तर कॉलर घसरते, बगलेत चुण्या पडतात. म्हणून मी उजवीकडे शिवणीत बोटभर कापड जास्त धरते. लग्नानंतर नवऱ्याच्या शर्टावर शिकले ते. आता ते शिकलेलं आहे हेही आठवत नाही.

उसवण

मास्तरांनी शर्ट उचलला, हँगरला लावला आणि म्हणाले, वा.

हे वाक्य उसवते. असं झालं नाही.

हँगरला लावला आणि हँगर वाकडा आहे का ते बघितलं. दुसरा हँगर आणला. मग दुसरा शर्ट. मग भिंतीवर ओळीने सगळे. सगळे उजवीकडे कललेले, जशी त्यांना त्या बाजूने एकदमच कुणीतरी हाक मारलीय.

माझ्या हातून सुटलेले खांदे कॉलर, बाह्या, काजं घेत घेत इस्त्रीच्या टेबलापर्यंत पोचले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण जो तो आपला तुकडा बघत होता.

"काजवाले," मास्तर म्हणाले, "तुझ्या भावजयीने काय केलंय बघ."

वन्संनी बघितलं. "काजं सरळ आहेत."

खोलीत खसखस पिकली. मास्तर हसले नाहीत. "सगळे उसव. सरळ कर. संध्याकाळी बघतो. दारात दुसरी एक येऊन बसलीय, तेही लक्षात ठेव."

पाठ

मी उसवायला बसले, आणि हमाल गठ्ठे न्यायला आला.

वाकून त्याने एक गठ्ठा उचलला. उजव्या खांद्यावर. आणि मला त्याची पाठ दिसली. कॉलर घसरलेली. बगलेत चुण्या. मला गावचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"दादा, जरा थांबा. हा घाला बघू."

"मी कशाला घालू?"

"बहीण म्हणते म्हणून घाला."

त्याने गठ्ठा खाली ठेवला, आपल्या शर्टावरच तो चढवला. बटणं लावली. हात वर केला, खाली केला. मान फिरवली. मग कॉलर चाचपून बघितली.

"हा माझा आहे का?"

"नाही."

"मग माझ्या मापाचा कसा?"

एवढं म्हणून तो गठ्ठा उचलून जिना उतरून गेलासुद्धा. अंगात मास्तरांचा शर्ट. मी मागे. मागून वन्संचा आवाज, "अगं, बॅग तरी ने!" त्यांना वाटलं मी पळून निघाले.

चौक

गाड्या भरायचा चौक. मी धापा टाकत पोचले आणि थबकले.

हमाल. जिकडे बघावं तिकडे हमाल. काही माल चढवतायत, काही गाडीला टेकलेत. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे, आणि सगळे उजवे खांदे बोटभर खाली. अख्खा चौक एका बाजूला कलला होता. आमच्या गावात असे खांदे बोटांवर मोजण्याइतके. आणि कुठल्या कुठल्या गावांमधून आलेले हे सगळे एका चौकात, एकावरही धड बसलेला शर्ट नाही.

माझा हमाल मध्ये उभा राहून गोल फिरून दाखवत होता.

"कुठे मिळाला?"

"ही बाई शिवते."

"चुण्या नाहीत की रे."

"लग्नाला उभा राहिल्यासारखा दिसतोस, फक्त तोंड बदलून घे."

"ताई, मी डाव्या खांद्यावर उचलतो," मागून एकजण म्हणाला. "माझं काय?"

"तुमचं उलटं," मी म्हणाले. मला हसू आवरेना. मी पाठी बघत सुटले, बोटाने मापं घेत सुटले. हा बोटभर, हा दीड बोट. हातांना आता कोणाचे हे विचारावं लागत नव्हतं.

कॉलर

परत आले तर मास्तर दारात.

"शर्ट?"

"चौकात आहे. उतरवत नाही म्हणतो."

"आणि बाकीचे?"

"ते उसवणार नाही. तेही चौकात खपतील. चला, दाखवते."

मास्तर आले. बघितलं. टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"माझ्या ओळीत तू बसणार नाहीस," ते म्हणाले. "वाकडं शिवणारं माणूस मला ओळीत नको."

"बरं."

"पण जिन्याखाली जागा पडलीय. मशीन मात्र तुझं. कापड माझ्याकडून घे. पाठी तुझ्या."

दारातल्या पोरीला त्यांनी आत बोलावलं. खांद्यांच्या मशीनवर ती बसली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी जिन्याखाली हात पसरून रुंदी बघत होते.

"काजं माझीच हं," वन्संनी वरून सांगितलं. "बाहेर दिलीस तर याद राख."

बटण

"हॅलो. मी. जागा नाही मिळाली. अरे, पूर्ण ऐक तर. बस नाही पकडत मी. मशीनवरची चादर काढ, तेल घाल आणि घेऊन ये. हो, तूही ये. एकटं मशीन कसं येईल? नाही, वेडी नाही झाले. इथे एक माणूस नुसती बटणं विकतो, तू आलास की दाखवते. आणि हे बघ, मशीन डाव्या खांद्यावर घे. उजवा आणखी खाली गेला तर माझं माप चुकेल."