संगणकातल्या जिवाणूची अंदाजाची पायरी

मी एक जिवाणू बोलतोय. खरा नव्हे, संगणकातला. खऱ्या जिवाणूची सगळी जनुकं वाचून, कोणत्या जनुकामुळे त्याच्या पोटात कोणती रासायनिक क्रिया चालते हे जुळवून प्रयोगशाळेतल्या सरांनी मला घडवलं. अकराशे क्रिया! अमुक अन्न दिलं तर जिवाणू वाढेल की मरेल, हे मी क्षणात सांगतो. बरोबर सांगतो का, ही धाकधूक मात्र जन्मापासूनची.

पहिल्या दिवशी मी वाढेचना. एक जीवनसत्त्व तयार होण्यातल्या एका पायरीचं जनुक सापडत नव्हतं. "असेल कुठेतरी," म्हणत सरांनी ती पायरी अंदाजाने घातली. मी वाढलो. सर खूश! अंदाज म्हणून नोंद करायची मात्र राहून गेली.

सहा वर्षं कुणी फिरकलं नाही. मग सरांची जुनी विद्यार्थिनी आली, तिला खरा जिवाणू पुन्हा वाढवायचा होता. त्याच्या गोठवलेल्या दोनच कुप्या उरल्या होत्या, आणि तो ज्या डबक्यातला, ते केव्हाच बुजवलेलं.

"काय खायला घालू?" तिने मला विचारलं.

साखर आणि क्षार पुरेत, मी ठामपणे सांगितलं. तिने एका कुपीतले जिवाणू त्यावर वाढायला ठेवले. आठ दिवस काचेची बशी कोरीच.

काचसामान धुणाऱ्या मावशी डोकावल्या. "काय म्हणतोय तुझा शहाणा?"

"म्हणतो, माझं मजेत चाललंय."

"त्याचं चाललंय गं, या बशीतल्याचं नाही. मग याच्याकडे नसलेलं त्याच्याकडे काहीतरी असणारच की!"

ती चमकली. माझी एकेक क्रिया तपासत त्या पायरीवर थांबली. सरांना फोन लावला.

"सर, हिचं जनुक कुठाय?"

"अगं... ती मीच घातली बहुतेक. काढलीस तर तो मरेल हं."

"मरू दे, सर."

तिने काढली. वाढ शून्य. मी मेलो, आणि आश्चर्य म्हणजे प्रथमच मला खरं बोलल्यासारखं वाटलं. मग तिने ते जीवनसत्त्व मला बाहेरून दिलं, मी वाढलो. डबक्यात खऱ्याला ते शेजारच्या जिवाणूंकडून आयतं मिळत असणार.

शेवटच्या कुपीतले जिवाणू तिने जीवनसत्त्व घालून वाढायला ठेवले. तीन दिवस ती बशीभोवतीच घुटमळत होती. चौथ्या सकाळी मावशींचाच आवाज आला, "अगं ये लवकर, बशीत ठिपके आलेत, वाढतोय तो!"

आता माझ्यात अशा जनुक न सापडलेल्या आणखी एकतीस पायऱ्या सापडल्या आहेत. त्यांतल्या खऱ्या किती, मलाही ठाऊक नाही. एकेक काढून बघा. मी मेलो तर घाबरू नका. काय कमी पडलं, तेवढं लिहून घ्या.